सतराशे ऐंशी वजा सोळाशे पंधरा

दामूशेठचं वजन करायचं म्हणजे आधी दोन ट्रक मागे घ्यावे लागत.

बाकीची माणसं त्यासाठी दवाखान्यात जातात. दामूशेठ दर गुरुवारी सकाळी जीपमध्ये बसून आपल्याच मालकीच्या वजनकाट्यावर येत. हा काटा म्हणजे भिवंडीजवळ कशेळीच्या रस्त्याला लागून जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट. त्यावर अख्खा ट्रक चढतो आणि शेजारच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला त्याचं वजन आकड्यात दिसतं. तो केबिनमधला माणूस मी. शेठ जीपसकट फलाटावर चढत, इंजिन बंद करत, काचेतून हात काढून इशारा करत, आणि मी आकडा वाचत असे. सतराशे ऐंशी. त्यातून रिकाम्या जीपचे सोळाशे पंधरा वजा केले की खाली उरत एकशे पासष्ट. ते दामूशेठ.

खरं तर गाडी दर वेळी रिकामी करून पुन्हा काट्यावर घ्यायची असते. पण शेठना जीपमधून उतरवणं हा कंटेनर खाली करण्याइतकाच वेळखाऊ प्रकार होता, आणि त्याला हमालही जास्त लागत. म्हणून जीपचं रिकामं वजन एकदाच करून केबिनच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं. त्याच्यावर आमचा देवाच्या तसबिरीइतका विश्वास होता.

शेठच्या मुलाने, प्रशांतने, एकदा घरी काचेचा नाजूक काटा आणला होता. शेठ त्यावर उभे राहिले. काट्याने अकरा किलो दाखवले आणि कायमचे डोळे मिटले. शेठ दोन दिवस खुशीत होते, पण तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "मास्तर, त्यो खेलना हाय. आपला काटा खोटा न्हाय बोलत."

मला ते मास्तर म्हणत, कारण काट्यावर बसण्याआधी मी शिकवण्या घेत असे. आणि "काटा खोटा न्हाय बोलत" हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की राजस्थानहून आलेले ड्रायव्हरसुद्धा ते शेठच्या आगरी बोलीत म्हणू लागले होते.

शेठच्या वडिलांची खाडीकाठची भातशेती होती. आता तिथे शेठची सहा गोडाऊनं उभी आहेत आणि त्यांत लोकांचे फ्रीज, शाम्पू आणि लहान मुलांचे लंगोट असतात. त्यामुळे शेठना जगातली प्रत्येक गोष्ट एकतर जमीन वाटे, नाहीतर गोडाऊन. स्वतःच्या पोटाला ते "सात नंबरचा गाला", म्हणजे सातवं गोडाऊन, म्हणत. बाकीचे सहा कधीमधी रिकामे राहत. सातवा मी कधी रिकामा पाहिला नाही.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला दामूशेठ आले नाहीत तर यजमानाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. ते मांडवात शिरले की दोन खुर्च्या एकमेकींना बांधल्या जात, आणि आचारी हात पुसत बाजूला उभा राही, निकालाची वाट बघत. शेठ पहिलं ताट शांतपणे संपवत. दुसरं विचार करत. तिसरं संपलं की बोटं चाटून, डोळे मिटून निकाल देत, "वाटण बारीक न्हाय."

निकाल ठरलेला. पडघ्याच्या पुढे एका हळदीत आचाऱ्याने शेठच्या धास्तीने मसाला तीनदा वाटून घेतला होता, इतका की तो पाण्यात टाकल्यावर दिसेना. शेठनी चार ताटं जेवून मान हलवली. "वाटण बारीक न्हाय." आचारी खांबाला टेकून रडला. त्याला मीच समजावलं की बाबा रे, शेठची बायको, हिरावहिनी, जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून शेठना ठाणे जिल्ह्यात कुणाचंच वाटण बारीक लागलेलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका गुरुवारी दामूशेठ काट्यावर झोपले.

जीप फलाटावर चढवली, इंजिन बंद केलं, हात बाहेर काढला, आणि तो हात तसाच राहिला. मागे अठरा ट्रक. पाठीमागच्या ड्रायव्हरला वाटलं, कुणाच्या तरी ब्रेकची हवा सुटते आहे, म्हणून तो खाली उतरून आपलीच चाकं तपासू लागला. हवा नव्हती, शेठ घोरत होते. मधेच ते घोरणं थांबे, श्वासही थांबे, आणि मी केबिनमधून पळत जाईपर्यंत एक मोठा हिसका बसून पुन्हा सुरू होई. ट्रकची रांग पुलापर्यंत गेली. लोक म्हणतात, त्या दिवशी नाशिकचा कांदा मुंबईला उशिरा पोचला. मी खात्रीने सांगत नाही, पण नाकारतही नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास बंद पडतो आहे. साखर वाढली आहे, गुडघे गेले आहेत. असंच चाललं तर एखाद्या दिवशी तो हिसका बसणार नाही. पोटाचं ऑपरेशन करून वजन उतरवता येईल, पण ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

ज्याचं त्यानं ठरवायचं म्हटल्यावर सगळ्या भिवंडीने ठरवायला घेतलं.

एका चुलत्याने सांगितलं, ऑपरेशन कशाला, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसा, चरबी वितळते. शेठ कुंडात उतरले तेव्हा निम्मं पाणी आणि तीन भाविक बाहेर आले. तासाभराने शेठ वाफाळत वर आले आणि वाटेत दोन गावठी कोंबडे जेवले. भाच्याने कसली तरी पावडर आणून दिली. ती जेवणाऐवजी घ्यायची होती. शेठनी जेवणाबरोबर घेतली.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते रफिकभाईंनी. रफिकभाई म्हणजे शेठचे शाळेपासूनचे दोस्त, चाळीस पॉवरलूमचे मालक. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे ते कानात सांगायची गोष्टसुद्धा चौकाला ऐकू जाईल अशी सांगत. त्यांच्या साल्याच्या सासऱ्याने हे ऑपरेशन केलं होतं. रफिकभाई केबिनमध्ये बसून ओरडले, "दामू, ऑपरेशन के बाद वो शादी की दावत में, वलीमे में बैठा. दो चम्मच बिर्याणी, बस. हात धो लिया. अरे, पूरे वलीमे में बात फैल गई की ये लड़कीवालों से नाराज है. चार बुजुर्ग मनाने आए. आखिर सुलह करवानी पड़ी."

"मंग?" शेठनी विचारलं.

"मंग काय. झगडा नव्हताच, पण सुलह झाल्यावर लोकांना वाटलं होता. आता सहा महिने बोलत न्हाईत."

दोन चमच्यांत हात धुणारा माणूस पंगतीत कुठल्या तोंडाने बसणार, हे शेठना कळेना.

तरी प्रशांतने त्यांना ठाण्याला नेलंच. मी सोबत होतो, कारण शेठ कुठल्याही कागदावर मास्तरांनी वाचल्याशिवाय सही करत नाहीत. सर्जन म्हणजे एक किडकिडीत बाई, वजन करायला आमच्या काट्यावर आणल्या असत्या तर आकडा हलला नसता. त्यांनी आधी शेठना तिथल्या मोठ्या काट्यावर उभं राहायला सांगितलं. शेठ म्हणाले, लोकांच्या काट्यावर इस्वास ठेवला तं आपला धंदा बंद कराचा. खिशातून त्यांनी आमच्या काट्याची पावती काढली. बाईंनी ती दोनदा वाचली. गाडीचा नंबर, माल, भरलेलं वजन, रिकामं वजन. मालाच्या रकान्यात मी "शेठ" असं लिहिलं होतं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, चालेल, तूर्त हेच धरू.

मग त्यांनी चित्र काढून समजावलं. पोटाला चार लहान भोकं पाडून दुर्बिणीने काम करायचं, जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढायचा आणि उरलेला केळ्याएवढा ठेवून पिना मारून बंद करायचा.

"पिना? कागदाला मारतात तशा?"

तशाच, पण चांगल्या, असं बाई म्हणाल्या. दुसरी एक पद्धतही आहे, तिला बायपास म्हणतात, असं त्यांनी सुरू करताच शेठनी हात वर केला. "बायपास नको. आमच्याकडं हाय एक. बघतंय रोज."

बाईंनी न कंटाळता सगळं सांगितलं. आधी महिनाभर फक्त पातळ, पेज आणि सूप, म्हणजे यकृत आकसतं आणि आत काम करायला वाट मिळते. ("फोर्कलिफ्ट वलाला जागा पायजे," शेठनी मला समजावलं.) त्या महिन्यात निदान दहा किलो उतरायला हवेत, नाहीतर तारीख पुढे. ऑपरेशननंतर आधी घोटघोट पाणी, मग पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. घास चावून चावून. जेवताना पाणी नाही. गोळ्या जन्मभर. काही महिने केस गळतील. शेठ म्हणाले, केसांचा काय न्हाय, भाऊबंदांनी कवाच उपटलेत. शेवटी बाई म्हणाल्या की ऑपरेशन म्हणजे जादू नव्हे. आमचं काम दोन तासांचं, पुढचं तुमचं, आणि ते रोजचं. गोड घोट घेत बसलात तर वजन परत येतं.

शेठना एवढ्यातून एकच प्रश्न पडला.

"त्यो काढलेला पाऊन हिस्सा कुटं जातंय?"

बाई म्हणाल्या, तपासणीला पाठवतात, मग नियमाप्रमाणे विल्हेवाट.

"म्हंजे टाकून देतात. मना न्हाय देनार?"

प्रशांतने कपाळाला हात लावला. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं हसून हसून थकलो. हायवेसाठी जमीन गेली तेव्हाही शेठ असेच हटून बसले होते. आगऱ्याकडून आधी तुकडा काढून घेऊन बघा, असं मी म्हणालो. शेठ खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी त्या विनोदाला दाद दिली नाही.

पातळ आहार सुरू झाला. सूनबाई घड्याळ लावून पेज द्यायची. ठाण्याच्या आहारवाल्या मुलीला दर गुरुवारी मी पावतीचा फोटो पाठवायचा असं ठरलं. पहिला गुरुवार आला. जीप चढली, हात बाहेर आला, मी आकडा बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला.

सतराशे नव्वद.

आठवडाभर पेज पिऊन माणूस दहा किलोंनी वाढला होता. घरात वादळ झालं. प्रशांतने ड्रायव्हर लोकांना दम दिला की बाबांना कुणी वडापाव दिला तर गाडी आत येणार नाही. सूनबाईने फ्रिजला कुलूप लावलं. रफिकभाई म्हणाले, "पेज में ही कुछ है." शेठ मात्र शांत. जीपच्या खिडकीवर हात ठेवून म्हणाले, "काटा खोटा न्हाय बोलत."

पुढचे दोन गुरुवार आकडा कसाबसा उतरला. चौथ्या गुरुवारी, महिना भरला तेव्हा, फलाटावर पुन्हा सतराशे ऐंशी. जिथून निघालो तिथेच. ठाण्याहून मुलीचा निरोप आला की डॉक्टर तारीख पुढे ढकलत आहेत, आता पुन्हा भेटून बोलू. प्रशांत माझ्यासमोर म्हणाला, "मास्तर, बाबा चोरून खातात. मी हरलो." आणि निघून गेला.

शेठ जीपमध्येच बसून होते. तारीख गेली तरी त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट जमीन द्यायची टळल्यासारखी सुटका होती. पण मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं. लेंग्याची नाडी वीतभर जास्त लोंबत होती. काटा खोटा बोलत नाही, कबूल. पण लेंग्याच्या नाडीला खोटं बोलून काय मिळणार?

भंगाराचे ट्रक येतात तेव्हा वजन वाढवायला काही लोक खाली दगड दडवतात. ते कसं ओळखायचं, हे मला शेठनीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं. गाडी हलकी दिसतंय आनि काटा जड बोलतंय, तं शिटाखाली बघ.

मी केबिनमधून उतरलो आणि जीपची मागची सीट उचलली.

खाली लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हिरवं लुगडं, ते हिरावहिनी सणाला नेसायच्या. आत पाटा होता आणि वरवंटा. मधोमध झिजून खोलगट झालेला काळा पाटा. भिवंडीत दुसरा नसेल असं वाटण त्याच्यावर निघायचं. सकाळी त्या वाटायला बसल्या की काट्यावरच्या ड्रायव्हरनाही वास येई, आणि वाटून झालं की पाट्यावर ओंजळभर पाणी घालून, हाताने निपटून, तेही रश्शात जाई. थेंब वाया नाही.

"शेठ, हे काय?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "सूनबाईनी नवा किचन केला. मी पेज पितंय, घरान आता कोन वाटतंय, बोलली. पाटा बागंत ठेवते, त्याच्यावं कारंजा सोडते. डिझाइनवाल्यानी सांगला. म्हनून हिकडं आनला." मग म्हणाले, "पोर वाईट न्हाय. तिना म्हाईत न्हाय."

मी मनात हिशेब केला. पाटा-वरवंटा पंधरा किलो. म्हणजे शेठ पंधरा किलो उतरले होते. आणि तीस वर्षं ट्रकवाल्यांची लबाडी एका नजरेत पकडणारा माणूस आपल्याच सीटखालचा दगड विसरला, हे मला कुणी ऑइलपेंटने भिंतीवर लिहून दिलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"पैल्या गुरवारी इसरलो व्हतो." शेठनी स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "दुसऱ्या गुरवारपासून म्हाईत व्हता."

मागे एका ट्रकने हॉर्न दिला. शेठनी खिडकीतून हात काढला आणि तो बंद झाला.

"मास्तर, ह्या पोटाला तुज्या वयनीनी तीस वर्सं जेवाला घातला. ती गेली. घर नवा केला, तिची चूल गेली. आता ह्यो पोटच हाय तिच्या हातचा. त्याचा पाऊन हिस्सा कापून बादलीन टाकनार." ते माझ्याकडे पहिल्यांदा वळले. "पाव हिश्शान ती कुटं मावनार रं?"

ठाण्याहून येताना गाडीत आपण किती हसलो होतो, ते मला आठवलं. शिकवण्या घेत होतो तेव्हाही असल्या प्रश्नाला मी पुढचं पान उलटायचो. शेवटी जे सुचलं ते बोललो.

"शेठ, झोपेत श्वास थांबला तर तुम्ही आख्ख्या पोटासकट जाल. मग पाटा जाईल कारंज्याखालीच. सांभाळणार कोण?"

तीन ट्रक हॉर्न देऊ लागले. शेठनी ह्या वेळी हात काढला नाही. मग सीटच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उतरव त्याला. सांबाल पन."

मी लुगड्यासकट पाटा केबिनमध्ये नेऊन माझ्या टेबलाखाली ठेवला आणि आकडा वाचला. सतराशे पासष्ट. काचेतून शेठ बघत होते.

"वजा कर," ते म्हणाले.

नवी पावती ठाण्याला गेली, तारीख मिळाली आणि ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी शेठ घरी आले. पिना किती मारल्या, हे विचारायला भावकीतले इतके लोक आले की सर्जनबाईंनी बघितलं असतं तर ऑपरेशनपेक्षा ह्याचंच दडपण घेतलं असतं. शेठ दर वेळी पिनांचा आकडा वाढवून सांगत. शेवटचा ऐकला तेव्हा स्टेशनरीचं आख्खं दुकान आत गेलं होतं.

काही दिवसांनी वाटलेलं खायची परवानगी मिळाली. सूनबाईने मिक्सर काढला. त्याच सकाळी शेठ काट्यावर आले. जीपमधून स्वतः उतरले, एकही हमाल न लावता, आणि छोटा डबा घेऊन केबिनमध्ये शिरले. डब्यात शिजवलेली मूगडाळ आणि दुधी होती.

त्यांना जड उचलायची बंदी होती. मी पाटा टेबलावर ठेवला. शेठ उभ्याउभ्याच वाटायला लागले. मोठ्या मानाने हळदीत बसणारा माणूस, हातात वरवंटा कसा धरायचा तेही नीट माहीत नसलेला, चार चमचे मऊ डाळ वाटत होता आणि ती पाट्याच्या कडेने निसटत होती. पुन्हा पुन्हा गोळा करून मधे आणत होता. शेवटी दोन बोटांत घेऊन त्यांनी ती चोळून पाहिली. मी निकालाची वाट बघत होतो. पण निकाल आला नाही.

दोन चमचे त्यांनी अगदी हळू खाल्ले. मग चमचा ठेवला. माझ्या पेल्यातलं थोडंसं पाणी पाट्यावर ओतलं, हाताने सगळीकडून निपटलं आणि पाट्याच्या तोंडाशी वाटी धरली. जेमतेम घोटभर गढूळ पाणी जमलं. त्याला कसलाच रंग नव्हता, वासही नसावा.

शेठ ते प्यायले. पोटावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले, आत काही होतंय का ते बघत असल्यासारखे.

"मावतंय, मास्तर," ते म्हणाले.